खुंटीवर पाडलेली बोर

साठ साल नुकतंच उलटलं होतं आणि मी कतारमध्ये दुखानच्या तेलाच्या कॅम्पात सुतारमिस्त्री होतो. एके दिवशी एक पेटी उघडली आणि आतून निघाली इंजिनाची करवत. लांब पात्याभोवती दात्यांची साखळी. दोरी ओढली की जी बोंबलायला लागायची ती सगळा कॅम्प गोळा करायची. आम्ही रत्नागिरीचे सुतार, लाकूड दिसलं की हात शिवशिवतात. मी मनाशी ठरवूनच टाकलं, ही आता माझी.

कसली माझी आणि काय! पहिल्याच दिवशी घोळ घातला. आमच्याकडे सुतार अनवाणी काम करतो, लाकूड पायानं दाबून धरतो आणि वर हत्यार चालवतो. अब्बांनी मला तसंच शिकवलं होतं. मी बूट काढून बाजूला ठेवले, ओंडक्यावर उघडा पाय रोवला आणि करवत सुरू केली. गोरा फोरमन धावत आला आणि त्यानं इंजिनच बंद केलं. मग तो जे बोलला, त्यातलं निम्मं आमच्या कारकुनानं मला सांगितलंच नाही. हा कारकून कुलाब्याकडचा, म्हणजे आताच्या रायगडचा, भला माणूस. एवढंच म्हणाला, की मिस्त्री, पुन्हा मशीनला हात लावायचा नाही.

तीन महिने मी खोकी फोडली. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. त्या फोरमनसाहेबाचा राग होताच, पण जास्त राग स्वतःचा, कारण चूक माझीच होती. मग मी खोकी फोडता फोडता साहेब करवत कशी चालवतो ते बघत राहिलो. सुरू करायची ती जमिनीवर टेकवून. धरायची दोन्ही हातांनी, अंगठे आवळून. पात्याचं टोक लाकडाला लागू द्यायचं नाही, नाहीतर ती उसळून सरळ तोंडावर येते. दोन पावलं चालायचं असलं तरी इंजिन बंद. आणि बूट! ते मी दिवसभर घालायला लागलो. टाचांना फोड आले, पण काढले नाहीत.

त्या वर्षी शमालचा, तिकडचा वाळू उडवणारा वारा चार दिवस सुटला होता. पाण्याच्या टाकीजवळ जुनी बोर होती, बोराचं झाड; अरब तिला सिद्र म्हणतात. तिची एका बाजूची मुळं उपटली. टाकीत सगळ्या कॅम्पाचं पिण्याचं पाणी. साहेब करवत घेऊन निघाला, तेव्हा मला राहवेना. जाड फांद्या सगळ्या टाकीकडे होत्या. असं कापलं असतं तर झाड टाकीवरच आलं असतं. मी कारकुनाकरवी तसं सांगितलं. साहेब झाडाभोवती फिरला, बराच वेळ वर बघत राहिला. मग म्हणाला, तूच पाड. टाकीला धक्का लागला तर पुढच्या बोटीनं मुंबई.

गावात काय सांगणार होतो, झाड पाडता आलं नाही म्हणून सुताराला परत पाठवला?

उंच फांदीला दोर बांधून दुसरं टोक लांब उभ्या ट्रकला लावलं आणि ताणून घेतलं. टाकीच्या उलट दिशेला, झाड जिथं पडायला हवं तिथं, मी वाळूत एक खुंटी ठोकली. मग माझ्या मागे पडलेले तेलाचे रिकामे ड्रम हलवायला लावले. साहेब घड्याळाकडे बघू लागला. बघेना का! अब्बा आधी मागची तिरकी वाट साफ करायचे, मगच कुऱ्हाड उचलायचे.

बिस्मिल्ला म्हटलं आणि करवतीची दोरी ओढली. खुंटीच्या बाजूनं खाच पाडली. मग मागून, जरा वरच्या अंगानं काप घेतला. मधे चार बोटं लाकूड राखलं, तेवढ्यावरच झाड वळतं. कापात पाचरी ठोकल्या. कडकड ऐकू आली तसं इंजिन बंद केलं आणि मोकळ्या वाटेनं तिरका मागे सरलो. खोड बुंध्यावरून उसळलं आणि मी आधी उभा होतो त्याच जागी मागे आदळलं. झाड आडवं झालं. टाकीवर पानसुद्धा पडलं नाही.

सगळा कॅम्प ओरडत होता. मी कुणाकडे बघितलं नाही, सरळ खुंटी शोधायला गेलो. साहेबही आला. त्यानं गुडघे टेकून खोडाखालची वाळू हातानं उकरली. खुंटी डोक्यापर्यंत आत गेली होती.

साहेब उठला, हात झटकले आणि कारकुनाला काहीतरी म्हणाला. "मिस्त्री, साहेब विचारतोय, ड्रम हलवायला तुला कुणी शिकवलं?"

"सांग त्याला," मी म्हटलं, "ज्यानं अनवाणी काम करायला शिकवलं, त्यानंच."

कारकुनानं ते जसंच्या तसं सांगितलं. साहेबानं माझ्या बुटांकडे बघितलं आणि खो खो हसला. मग करवतीची पेटी उचलून स्वतः माझ्या बाकाखाली नेऊन ठेवली.