पीठमावशींचे अठरा हत्ती

बालवाडीत येण्याआधी पीठमावशींनी बावीस वर्षं बेकरीत काढली. एका ट्रेमध्ये अठ्ठेचाळीस बन, सगळे एका मापाचे. एखादा वाकडा निघाला की मालक तो उचलून त्यांच्या नाकासमोर धरायचा. बेकरी बंद पडली तेव्हा धाकट्या जावेनं त्यांना सोसायटीच्या बालवाडीत मदतनीस म्हणून चिकटवून दिलं. काम काय, तर नाकं पुसायची आणि चपला जोडीनं लावायच्या. पण ही बाई गप्प बसणाऱ्यातली असती तर ना! महिन्याभरात त्यांनी कणकेत मूठभर मीठ घातलं, बिटाच्या रसात ती रंगवली आणि गोळे पोरांपुढं टाकले. पोरं जी चिकटली ती उठेचनात. तेव्हापासून त्या पीठमावशी. सहा वर्षांनी जुन्या बाई निवृत्त झाल्या आणि वर्गच मावशींच्या हाती आला.

मग काय विचारता! बर्फात गोठवलेली बटणं कोमट पाण्यानं सोडवायची, अंगणात एकमेकांच्या सावल्या खडूनं गिरवायच्या, कागदी रुमालावरून निळं पाणी वर कसं चढतं ते नाक लावून बघत बसायचं. पोरं घरी जायची ती कोपरापर्यंत रंगलेली. सगळं झकास, पण वह्या कोऱ्या! आणि पोराची कोरी वही आईबापांना बघवत नाही हो. "चिखलच खेळायचा तर आमचं अंगण काय वाईट आहे?" असं भर बैठकीत म्हणाले ते फायलीकाका. निवृत्त हेडक्लार्क, सोसायटीचे अध्यक्ष, आणि त्यांची नात याच वर्गात. त्यांनी ठरावच करून टाकला. शनिवारी पालकांनी येऊन वर्ग बघायचा. दुपारी बारापर्यंत पुढच्या वर्षाचे बारा फॉर्म सही होऊन आले नाहीत, तर वर्ग बंद आणि खोलीत सोसायटीच्या खुर्च्या.

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. घरचं भागवायला मुलगा होता, प्रश्न तो नव्हता. या पोरांवाचून सकाळी उठायचं कशासाठी, हा होता.

शुक्रवारी पोरांनी कणकेचे हत्ती केले. अठरा पोरं, अठरा हत्ती. एकाला दोन सोंडा, एकाला कानच नाहीत, फायलीकाकांच्या नातीचा तर चारी पाय पोटाखाली घेऊन बसलेला. पोरं घरी गेली. मावशी टेबलाशी उभ्या राहिल्या आणि त्यांना ते हत्ती फायलीकाकांच्या चष्म्यातून दिसायला लागले. "एवढी एक सोंड सरळ करते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग कान केले. मग पाय. बसलेला हत्ती उभा राहीना, तर त्याच्या पायांत काड्या खुपसल्या. जित्याची खोड, दुसरं काय! तासाभरात अठरा हत्ती एका मापाचे झाले, एका रांगेत लागले. बघून त्यांना बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. वर ओलं फडकं झाकून त्या घरी गेल्या.

शनिवारी पालक हत्तींसमोर थबकलेच. "वा! बाजारातले वाटतात," एक आई म्हणाली. फायलीकाकासुद्धा वाकले. "हं. शिस्त दिसते." मावशींचा जीव भांड्यात पडला.

तोवर अंगणातली पोरं आत घुसली. प्रत्येकजण आपला हत्ती शोधायला लागला आणि कुणालाच सापडेना. दोन सोंडांचा मालक तर टेबलाखाली जाऊन बघून आला.

"माझा कुठंय?" नातीनं विचारलं.

"हा काय, तिसरा," मावशी म्हणाल्या.

"हा नाही. माझा दमून बसला होता." ती थेट मावशींकडे बघायला लागली. "कुणी उठवलं त्याला?"

काहीतरी थाप मारून वेळ मारून नेता आली असती, पालक हसलेही असते. पण त्या डोळ्यांसमोर थाप मारायची कशी?

"मी उठवलं गं बाई," मावशी म्हणाल्या. "चुकलं माझं." मग त्या पालकांकडे वळल्या. "हे पोरांचं काम नाही, माझं आहे. काका, तुम्ही शिस्त म्हणालात ना, ती माझी भीती होती." आणि सगळ्यांदेखत त्यांनी काड्या उपसल्या, अठराच्या अठरा हत्ती एकत्र चेपले, पुन्हा मळले आणि गोळे तोडले. "बारा वाजायला दीड तास आहे. पोरांनो, तुमचे हत्ती तुम्ही करा. आईबाबांनीही बसा खाली."

नातीनं आजोबांना हाताला धरून खाली ओढलं. फायलीकाकांनी नाइलाजानं हत्ती केला: पोट गरगरीत, पाय काडीसारखे. पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर ते खेकसले, "कणीकच ओली आहे!"

"कणीक बरोबर आहे, आजोबा. पोट जड झालंय. पाय जाड करा, नाहीतर बसवा त्याला. मी म्हणून तर बसवला होता."

"हे तुला कुणी शिकवलं? मावशींनी?"

"कुणी नाही. माझा पण चारदा पडला होता."

मावशींनी हे ऐकलं. त्यांना वाटलं होतं, पोरीला उभा करता आला नाही; तिनं तर विचार करून बसवला होता! काकांनी मान खाली घातली आणि मुकाट्यानं पाय जाड करायला घेतले. हत्ती उभा राहिला तसे ते ओरडले, "राहिला! राहिला बघा!" हेडक्लार्कचा असा आवाज सोसायटीनं पहिल्यांदाच ऐकला.

पावणेबाराला त्यांनी फॉर्म मागितला. "आधी हात धुवा," मावशी म्हणाल्या. "राहू द्या हो," म्हणत त्यांनी सही ठोकली. कागदावर कणकेचा लाल अंगठाही उमटला. त्यांच्यामागं रांग लागली. बारा हवे होते, अठराच्या अठरा आले! खुर्च्या जिन्याखाली जातील, असं काकांनीच जाहीर करून टाकलं. मावशी रडत होत्या, हसत होत्या, दोन्ही एकदम चाललं होतं.

जाता जाता काका दारातून परत आले. "माझ्या हत्तीला कुणी हात लावायचा नाही. सांगून ठेवतो."

त्याची सोंड चांगलीच तिरकी होती. मावशींनी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले. "नाही लावत," त्या म्हणाल्या.