छोटं उदाहरण

भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मला समोरून फारसे आठवतच नाहीत. आठवते ती पाठ. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात मागे एक छोटी खोली होती. तिथे भिंतीला चिकटवलेलं टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याच्यापुढे चाकांच्या खुर्चीत ही पाठ. मानेजवळ विरलेला राखाडी स्वेटर. मी शिवणकाम करते, लोकांचे कपडे घट्ट-सैल करून देते, त्यामुळे माणसाआधी त्याचा कपडा माझ्या लक्षात राहतो. तो स्वेटर मी दोनदा रफू केला. दोन्ही वेळा ते आंघोळीला गेल्यावर ताईने तो गुपचूप आणून दिला, कारण एरवी अंगातून काढून द्यायलाही त्यांना सवड नसायची.

नोकरी बियाण्यांच्या कंपनीत, आकडेमोडीच्या विभागात. ती त्यांनी पाट्या टाकल्यासारखी केली. खरा जीव होता तो एका भाषेत. बोलायची भाषा नव्हे, कॉम्प्युटरला संख्याशास्त्राची गणितं सांगायची भाषा. ती कोणाच्या मालकीची नाही. जगभरची माणसं तिच्यावर फुकट राबतात आणि त्या सगळ्यांची एक मेलिंग लिस्ट असते. एकाने अडचण लिहायची, बाकीच्यांनी उत्तरं द्यायची, आणि तो सगळा पत्रव्यवहार कायमचा, कोणालाही वाचता येईल असा जपून ठेवायचा. भावोजींनी तरुणपणी या भाषेसाठी एक पूल लिहिला होता. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमच्या पोटात ही भाषा बसवायची असेल, तर दोघांमधली देवाणघेवाण त्या पुलावरून व्हायची. कारखान्यांतली यंत्रं, दवाखान्यांतली यंत्रं, बँका, कोण कोण तो पूल वापरायचं. त्याचा एक पैसा त्यांनी कधी मागितला नाही. लोभी नव्हता माणूस, एवढं मी कोणापुढेही कबूल करीन. मानाचा मात्र भुकेला होता.

लिस्टवर त्यांचा दरारा होता. प्रश्न पडला की तासाभरात उत्तर, आणि उत्तरात बहुधा विचारणाऱ्याचा पाणउतारा. तिथला एक रिवाज आहे, तो ऐकून ऐकून मलाही पाठ झालाय. नुसतं ‘चालत नाही’ असं लिहायचं नाही. बिघाड दाखवणारं छोट्यात छोटं उदाहरण द्यायचं, म्हणजे अशा चार-सहा ओळी, की कोणीही आपल्या कॉम्प्युटरवर चालवल्या तर तोच बिघाड डोळ्यांसमोर यावा. रिवाज चांगला आहे. गिऱ्हाईक येऊन ‘कुठेतरी काचतंय’ म्हणालं तर मीही म्हणते, घालून दाखवा. पण भावोजींनी तो रिवाज घरातही आणला. ताई म्हणायची, “अहो, हल्ली तुम्ही माझ्याशी धड बोलत नाही.” पाठ न वळवता उत्तर यायचं, “हल्ली म्हणजे कधीपासून? एक उदाहरण दे.” आता न बोलण्याचं उदाहरण कुठून आणणार? ताई मुकाट्याने स्वयंपाकघरात निघून जायची आणि भावोजींच्या लेखी तक्रार निकालात निघायची.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी ठेंगणी-ठुसकी होती म्हणून मी तिला ठमी म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. ही ठमी बापाच्या पाठीशी बोलत मोठी झाली. पुढे बापाची ती भाषाही शिकली. निदान त्या भाषेत विचारलं तर उत्तर मिळेल, असं तिला वाटलं असावं, दुसरं काय? रक्त तपासायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी लागली. यंत्राच्या आत तीच भाषा बसवलेली, आणि मधे बापाचा पूल. हे कळलं त्या दिवशी भावोजींनी खुर्ची फिरवली. “माझा पूल?” म्हणाले. “तुमचाच, बाबा.” इतके खूश झाले की सगळ्यांबरोबर टेबलावर जेवायला बसले. ठमीचा चेहरा त्या दिवशी कसा फुलला होता, ते आठवलं की मला अजून राग येतो.

कारण वर्षभरात ते यंत्र अधूनमधून बंद पडायला लागलं. नमुना अर्धा तपासून व्हायचा आणि पडदा काळा. कधी कित्येक दिवस काही नाही, तर कधी एकाच दुपारी पुन्हा पुन्हा. साहेबांचं म्हणणं, ठमीने लिहिलेला भाग कच्चा आहे. ठमीने आपला भाग शिवण शिवण उसवून पाहिला आणि तिची खात्री पटली की दोष पुलात आहे. हे तिने मला माझ्या दुकानात बसून सांगितलं, दातांत टाचण्या धरून, कारण रिकामी बसली की ती हेम घालायला मदत करायची.

“मावशी, समज, तू बाही कापून टेबलावर ठेवलीस आणि दोरा आणायला गेलीस,” ती म्हणाली. “तेवढ्यात झाडणारी आली. बाहीवर तुझी खूण नाही, म्हणून तिने ती चिंधी समजून उचलली. तू येऊन बघतेस तर बाही गायब.”

“मग खूण करून जावं.”

“तेच तर. त्या भाषेत अशी झाडणारी असते. जागा भरली की येते आणि ज्याच्यावर खूण नाही ते सगळं उचलते. बाबांच्या पुलात एका ठिकाणी खूण करायची राहिलीय. एरवी काही होत नाही, कारण ती नेमकी त्याच क्षणी येत नाही. पण आली, की यंत्र मेलं.”

मला शिवणकामापलीकडे काही कळत नाही, पण एवढं कळलं. बापाला का कळू नये?

तिने ते जेवताना सांगायला सुरुवात केली. भावोजींनी हात वर केला. “घरात मी बगच्या तक्रारी घेत नाही. लिस्टवर लिही. तिथे सगळे सारखे.”

तिने लिस्टवर लिहिलं, नुसत्या नाव-आडनावाने. आडनाव पैशाला पासरी, त्यामुळे ही त्यांची मुलगी असल्याचा कोणाला संशय आला नाही. तासाभरात उत्तर आलं. लेखिकेने पुलाची माहितीपुस्तिका वाचलेली दिसत नाही. खुणा करण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची आहे. छोटं उदाहरण द्यावं.

खरी गोम इथेच होती. उदाहरण छोटं केलं की बिघाडच नाहीसा व्हायचा. थोड्याशा कामात जागा भरत नाही, जागा भरली नाही की झाडणारी येत नाही. तिला मुद्दाम पावलोपावली बोलवायची एक सोय त्या भाषेत आहे, आणि ते लोक त्या सोयीला चक्क ‘छळ’ म्हणतात. ठमीने आपल्या यंत्राचा छळ करून पाहिला. पण तो प्रोग्रॅम अवाढव्य, त्या छळाखाली तो रांगायला लागला. पहिला नमुनाही पुरा होईना, तेव्हा साहेबांनी थांबवायला सांगितलं. मग तिने पुन्हा लिहिलं, अगदी नम्रपणे. पुलाच्या सगळ्या चाचण्या तुमच्याकडे आहेत, तेवढ्याच छळाखाली चालवून बघाल का? एका दुपारचं काम. उत्तर आलं, तपासणी हे तक्रार करणाऱ्याचं काम आहे, हा विषय मी माझ्यापुरता संपवत आहे. खाली दोघा-तिघांनी री ओढली. एकाने थट्टाही केली.

पलीकडच्या खोलीत ठमी ते वाचत होती आणि अलीकडच्या खोलीत भावोजी ते लिहीत होते. मधे एक भिंत.

साहेबांनी ते उत्तर मीटिंगमध्ये पडद्यावर लावलं. पूल लिहिणाराच म्हणतोय चूक तुमची, आता काय बोलणार? तो माझा बाप आहे, असं काही ती सांगू शकली नाही. सांगून हसंच झालं असतं. नोकरी गेली. पुढे जिथे अर्ज करायची तिथे लोक आधी तिचं नाव शोधायचे, आणि वर तरंगायचं तेच पत्र. एका मुलाखतीत तर एक टिकोजीराव हसत म्हणाला, “तुम्हीच ना त्या, उदाहरण देता न आलेल्या?” तिला बाकी काही नको होतं. आपण खरं बोललो होतो, एवढंच तिला लोकांपुढे खरं ठरायला हवं होतं. ते होईना, तेव्हा ती चष्म्याच्या दुकानात लागली. लोकांना अक्षरं वाचायला लावून नंबर काढते. भाड्याची एक खोली घेऊन वेगळी राहायला लागली. ताईच्या तोंडाला कुलूप. भावोजी म्हणाले, “तिचा निर्णय आहे.”

पुढच्या वर्षी लिस्टवर एका परदेशी प्राध्यापकाने हाच दोष लिहिला. मोठं नाव, मोठं विद्यापीठ, हाताखाली संशोधकांची फौज. त्यांनी कुठल्या मोठ्या कॉम्प्युटरवर पुलाचा छळ करून नेमकी जागा शोधली होती आणि पाच ओळींचं उदाहरण दिलं होतं. भावोजींनी तासाभरात उत्तर दिलं, ‘सुंदर उदाहरण. चूक माझीच. मनापासून आभार.’ दुरुस्ती एका ओळीची निघाली. नव्या आवृत्तीच्या आभारांत प्राध्यापकांचं नाव झळकलं.

ठमीने ते वाचून मला फोनवर सांगितलं. रडली नाही. रडली असती तर मी इतकी भडकले नसते. मशीन बंद केलं, शटर ओढलं आणि थेट ताईचं घर गाठलं. मागच्या खोलीत जाऊन खुर्चीला हात घातला आणि त्या माणसाला गर्रकन माझ्याकडे फिरवलं.

“ठमीने हेच सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतं. दाखवलं नव्हतं.”

“तुमची एक दुपार गेली असती.”

“प्रत्येकासाठी एकेक दुपार घालवायला लागलो तर—”

“प्रत्येकासाठी? ती प्रत्येक आहे का हो?”

ते खाली बघत म्हणाले, “तिचं ऐकलं असतं तर पोरीची बाजू घेतली असं झालं असतं.”

“कोण म्हणणार होतं? ती तुमची पोर आहे हे तिथे कोणाला ठाऊक होतं?”

“मला ठाऊक होतं.”

हे ते मनापासून बोलले, हे मला दिसत होतं. त्यामुळे तर माझा संताप आणखीच वाढला. स्वतःची मान ताठ राहावी म्हणून पोरीला खड्ड्यात ढकललं होतं, आणि वर त्याला ते तत्त्व म्हणत होते! मी मनात आलं ते सगळं बोलले. दारात उभी असलेली ताई मला थांबवेल असं वाटलं होतं. तिने थांबवलं नाही.

दोन दिवसांनी भावोजींनी लिस्टवर लिहिलं. हा दोष पहिल्यांदा अमुक बाईंनी दाखवला होता, त्यांचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं, मी ते उद्धटपणे झिडकारलं, आणि त्या माझ्या कन्या आहेत. काही लपवलं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी ताईला वाचूनही दाखवलं म्हणे.

आणि लिस्टवर उत्तरांचा पाऊस पडला. केवढा प्रामाणिकपणा! केवढं मोठं मन! स्वतःच्या लेकीलाही सवलत न देणारा असा माणूस आता होणे नाही. प्राध्यापकांनीही दोन ओळी खरडल्या. सगळी पत्रं भावोजींना. ठमीला एकही नाही.

रविवारी ताईने तिला जेवायला बोलावलं, मलाही बोलावलं. भावोजी आमच्या आधीच टेबलाशी येऊन बसले होते. नवा शर्ट, दाढी केलेली.

“वाचलंस?” त्यांनी विचारलं.

“वाचलं, बाबा. चांगलं लिहिलंय.”

“आता अर्ज कर. नाव साफ झालं तुझं.”

“आता नाव शोधलं की ते वर येतं,” ठमी म्हणाली. “थोर माणसाची मुलगी. मी काय शोधलं होतं ते कोणी वाचत नाही.”

“मग मी आणखी काय करू?” त्यांचा आवाज चढला. “चूक झाली, कबूल केली. पण मी तुझं कधी ऐकतच नाही, असं जे तुझी मावशी म्हणते ते खरं नाही. त्या एका वेळेला नाही ऐकलं. एरवी ऐकत आलोय.”

ठमीने घास खाली ठेवला. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं, “एक छोटं उदाहरण द्या ना, बाबा.”

भावोजी विचार करायला लागले. प्रामाणिकपणे करत होते. आम्ही तिघी वाट बघत राहिलो, आणि खोटं कशाला बोलू, त्यांना सापडावं असं मलाही वाटत होतं.

“सहावीत होतीस,” ते एकदम म्हणाले. चेहरा उजळला. “वर्गातल्या मुली तुला खेळायला घेत नव्हत्या. गॅलरीत बसून तू सगळं सांगितलंस. रडलीस. निळा फ्रॉक होता तुझा. अंधार पडेपर्यंत मी ऐकत होतो. आठवतंय?”

ठमीने आईकडे पाहिलं. ताई हातात वाढायचा डाव घेऊन उभी होती.

“ऐकणारी मी होते,” ताई म्हणाली. “तुम्ही आत होतात. आवाज येतोय, दार लोटून घ्या, म्हणालात.”

ते खोटं बोलले नव्हते. ताईने पुढे कधीतरी त्यांच्या पाठीला ही गोष्ट सांगितली असेल आणि ती त्यांच्या डोक्यात स्वतःची म्हणून राहिली असेल. ते ताटाकडे बघत दुसरं काहीतरी आठवायला लागले. ठमीने थोडा वेळ थांबून पाहिलं. मग उठली, आईच्या हातातला डाव काढून घेतला, तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि तिचं ताट वाढलं.