ताटीसमोरची खिडकी

घरात एसी आला तेव्हापासून सुनेचं आणि माझं एकाच गोष्टीवरून वाजतं. ती एसी लावते आणि मी खिडकी उघडते. "आई, बिल केवढं येईल!" ती ओरडते, आणि तिचं बरोबरच आहे. हे यंत्र गारवा कोंडूनच चालतं, जराशी फट राहिली की बिचारं धापा टाकत बसतं. मला सगळं कळतं, तरी हात जातोच. ही खोड लागली ती माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वैशाखात, नागपूरच्या माहेरी.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. माझे यजमान कचेरीत कारकून, धंतोलीत आमच्या भाड्याच्या खोल्या. माहेर मात्र इतवारीपलीकडे, विणकरांच्या वस्तीत. एकच मोठी खोली आणि तिच्यात बाबांचा माग. खड्ड्यात पाय सोडून ते लुगडी विणायचे. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ताण्याचे उभे धागे वाळतात आणि पटापट तुटतात. म्हणून वैशाखात खिडक्या बंद, जमिनीवर पाण्याचा सडा. ओल बाहेर जाऊ द्यायची नाही, ही आमच्या घरची शिस्त. दार उघडं टाकलं म्हणून लहानपणी मी पोटभर बोलणी खाल्ली आहेत.

मी दिवस भरत आल्यावर माहेरी आले तेव्हा बाबांनी माझ्यासाठी वाळ्याची ताटी, वाळ्याच्या मुळ्यांचा जाड पडदा, आणली. अशी चैन त्या घरात कधी आली नव्हती. पश्चिमेच्या दाराला ती बांधली आणि तिच्यावर पाणी मारायचं काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही. वास कसा छान सुटायचा! पण मी घामानं निथळत होते. घास उतरेना, पोटातल्या बाळाचं हलणं मंदावलं. सुईण पोटावर हात ठेवून मायला म्हणाली, "हिच्या अंगातला ताव उतरला पाहिजे बाई, नाही तं लेकराचं खरं नाही." मी पार घाबरून गेले.

त्या भीतीतही एक कोडं माझा पिच्छा सोडेना. धंतोलीत शेजारच्या वकिलांकडेही अशीच ताटी होती आणि तिच्यासमोर बसलं की अंगावर शहारा यायचा. वाळा तोच, पाणी तेच, ऊनही तेच. मग इथे काय बिघडलं? आठवून आठवून पाहिलं, तेव्हा ध्यानात आलं की त्यांची समोरची खिडकी सताड उघडी असायची. मला तेव्हा त्यांचं हसूच यायचं, एवढा गारवा फुकट घालवतात म्हणून.

मी सुताचा एक तुकडा घेतला आणि ताटीसमोर खुंटीला लोंबता बांधला. तो सरळ उभा, हलायचं नाव नाही. मग उठून समोरची खिडकी उघडली. सूत थरथरलं आणि खिडकीच्या दिशेनं तिरपं झालं. माझ्या मानेवर गार झुळूक आली. किती दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला!

"खिडकी काहून उघडली वं?" बाबा मागावरून ओरडले. "ओल निघून जाते ना!"

"बाबा, वाऱ्याले बाहेर जायले वाट नसली तं तो आत येईनच कसा? ते सूत पाहा ना, कसं हलून राहिलं."

त्यांनी आडवा धागा नेणारा हातातला धोटा खाली ठेवला. लोंबत्या सुताकडे ते बराच वेळ पाहत राहिले, कसलेल्या कारागिरानं नवा नमुना न्याहाळावा तसे. तेवढ्यात मागावर टिक् झालं. ताण्याचा धागा तुटला होता. पाठोपाठ दुसरा. मला अगदी अपराधी वाटलं. मी खिडकी लावायला उठले.

"राहू दे," ते म्हणाले. "सूत तुटलं तं सांधता येते."

आणि मान खाली घालून गाठ मारायला लागले. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. त्या संध्याकाळी बाळानं पोटात अशी लाथ मारली की माय देवापुढे साखर ठेवायला धावली.

खिडकी मग वैशाखभर उघडीच राहिली. त्या लुगड्यात इतक्या गाठी पडल्या की बाबांनी ते बाजारात नेलंच नाही. मुलगा झाला तेव्हा त्यांनी स्वतः ते फाडून त्याची दुपटी केली. मी पहिल्यांदा त्याला गुंडाळायला घेतलं, तर त्यांनी दुपटं माझ्या हातातून घेतलं आणि उलटवून दिलं.

"गाठी बाहेर ठेव," म्हणाले. "त्याच्या पाठीले टोचतीन."