बिनपाण्याचं मशीन

"बघू, उघडून बघू," म्हणत ते खिशातून पेचकस काढायचे. पेनाशेजारी पेचकस खोचून कचेरीत येणारा कारकून तुम्ही पाहिला असेल तर सांगा, मी दुसरा पाहिला नाही. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. हे कारकून नांदेडहून आमच्या कचेरीत बदलून आले आणि आमच्या शेजारीच राहू लागले. कचेरीतला बंद पंखा त्यांनी उघडला की तो फिरायचा, पण उलटा.

त्या साली पावसानं पार दगा दिला. टँकर आला की त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, घागरी घेऊन पळायच्या. बायकोची ही धावपळ त्यांना बघवत नसे. एकदा नांदेडला कुणा परदेशी इंजिनिअरच्या सामानाची हर्राशी निघाली. तिथं बोली लावून त्यांनी एक पांढरं मशीन आणलं.

"भाऊ, कपडे धुयाचं मशीन! अन् पाणीच लागत न्हाई. पुकारणाराच म्हनला."

पाण्यावाचून कपडे धुवायचे कसे, मला कळेना. त्यांनाही कळलं नसावं, पण चेहरा इतका फुलला होता की मी विचारलं नाही. वहिनींनी जळकोटच्या माहेरची, वारलेल्या आईनं दिलेली शेवटची साडी पहिला मान म्हणून आत ठेवली. यजमानांनी बटण दाबलं. दट्ट्या घरघरत खाली आला, साडीवर बसला आणि वर जाईना. कप्पाही उघडेना. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग रोज कचेरीतून आले की ते मशीनपुढे मांडी घालून बसत. एकदा मी मागची इंग्रजी पट्टी पुसून वाचली आणि हळूच म्हणालो, "अहो, हे घरातला कचरा दाबायचं मशीन आहे."

"दाबून काय करतेत?"

"लहान होतो."

"मंग?"

"मग फेकतात."

"फेकायचाच हाय तर दाबायचा कशाला?"

पेचकस खिशात खोचत ते म्हणाले, "घरात सांगू नका, भाऊ."

अखेर खालचा पत्रा काढल्यावर सायकलीसारखी साखळी उतरलेली दिसली. ती चढवून त्यांनी चाक हातानं उलटं फिरवलं. साडी विटेसारखी घट्ट होऊन निघाली. वहिनींनी उलगडली, तर पदरावरचा हळदीचा डाग तसाच. ते मान खाली घालून पेच गोळा करू लागले.

"चांगली निघाली की," म्हणत वहिनी साडी घेऊन आत गेल्या.

पुढं दर रविवारी मशीनची घरघर ऐकू यायची आणि मागाहून मोरीत कपडे आपटल्याचा आवाज. त्या घरात काय चाललंय, मला काही मेळ लागेना.

वर्षभरानं त्यांची बदली परत नांदेडला झाली. टेम्पोत आधी मशीन चढलं, गोधडीत गुंडाळून. ते दोर आवळत होते तेवढ्यात वहिनी माझ्याजवळ आल्या.

"भाऊजी, ते कचऱ्याचं मशीन हाय. साडी निघाली तवाच वासानं वळखलं म्या. पण त्यान्ला सांगू नका. माझ्यासाठी लई जीव लावून आणलंय त्यांनी."

मी मान डोलावली.

"भाऊ, नांदेडला या," टेम्पोतून ते ओरडले, "येताना धुयाचे कपडे घिऊन या!"

वहिनी हसल्या. मीही हसलो, आणि टेम्पो वळणाआड गेल्यावर मला रडू आलं.