भावोजी आणि ताईचा पाय

माणसाकडे माणूस म्हणून न बघता हाडांचं आणि सांध्यांचं गाठोडं म्हणून बघणारा एकच गृहस्थ मी उभ्या जन्मात पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझ्याच थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. भावोजी कर्जतला राहतात. नर्सिंगच्या मुलींना शरीररचना शिकवण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. ते निवृत्त झाले, मुली सुटल्या, आणि आम्ही नातेवाईक तावडीत सापडलो.

त्यांचं मोठं खूळ दिशांचं. शरीरात वर-खाली, इकडे-तिकडे असं काही नसतं म्हणे. धडाच्या जवळ ते प्रॉक्सिमल, धडापासून लांब ते डिस्टल, मधल्या रेषेकडचं मीडियल आणि कडेचं लॅटरल. बरं, हे शरीरापुरतं ठेवलं असतं तर कोण कशाला बोललं असतं? पण ह्या माणसानं अख्खा मुलूख त्यात बसवला. कर्जत स्टेशन हे धड. आमचं माहेर लोधिवलीला, म्हणजे डिस्टल. मला दिलीही गावातच, त्यामुळे चारचौघांत 'ही आमची डिस्टल मेव्हणी' अशी माझी ओळख करून देत आणि आपणच खो खो हसत. एकदा आम्ही रिक्षातून जात होतो. रिक्षावाल्यानं बिचाऱ्यानं विचारलं, "गुर्जी, उजवीकडं घेऊ का?" तर ह्यांचा प्रश्न, "कुणाच्या उजवीकडे?" त्यानं रिक्षाच थांबवली. म्हणाला, "माज्या नाय तर रिक्शाच्या, दुसऱ्या कुनाच्या? उतारता का आता?" उतरलो. उन्हातून चालत घरी आलो, आणि वाटेभर चालताना कुठकुठले सांधे वापरले जातात ते ऐकलं.

फोटोचं तर विचारूच नका. त्यांच्या शास्त्रात माणूस उभा राहायचा तो सरळ, तोंड समोर, हात बाजूला आणि तळवे पुढे केलेले. माझ्या मुलाच्या लग्नात त्यांनी फोटोग्राफरला बाजूला सारून सगळ्यांना असं उभं केलं. त्या फोटोत नवरा-नवरीसकट आमचं सगळं घराणं काहीतरी मागायला आल्यासारखं दिसतं. कुंभिवलीला चुलत भावाकडे हळद होती, तिथे पानात कोंबडी पडली तर हे तंगडी हातात घेऊन उभे! "बघा, हा बिजागरीचा सांधा, एकाच दिशेला वाकतो. आणि हा इथून निखळला तो उखळीचा, हा गरागरा फिरतो." पंगतीतल्या बायकांनी पानं सारली. शेवटी आमचे काका ओरडले, "जावयबापू, खावा की आता! ती मेली हाय, तिला नाय काय शिकायचं."

शिकवायचे मात्र जीव तोडून, एवढं मी म्हणेन. डोंगरातल्या वाड्यांवरून आलेल्या मुली पहिल्या दिवशी सांगाडा बघून रडायच्या. त्यांना हे स्वतःचं मनगट धरायला लावायचे, आपलंच कोपर चाचपायला लावायचे. अजूनही कुठल्या दवाखान्यात गेलं की एखादी नर्स धावत येऊन ह्यांच्या पाया पडते. ताईला त्याचं केवढं कौतुक! मला आता त्या कौतुकाचीच चीड येते.

कारण घरात ह्या माणसासमोर नीट कण्हायचीही सोय नव्हती. ताई म्हणायची, "अहो, इथं दुखतंय." हे म्हणायचे, "इथं म्हणजे कुठे? इथं नावाचा भाग शरीरात नाही." ती पुन्हा सांगायची, हे पुन्हा दुरुस्त करायचे, आणि तेवढ्यात तिचा चहा उतू जायचा. पुढे पुढे तिनं सांगणंच सोडलं. आम्ही त्यावर हसायचो. काय हसायचो, देव जाणे.

गेल्या पावसाळ्यात ताई मागच्या मोरीपाशी घसरून पडली. कशीबशी उठली, पलंगावर आडवी झाली. ह्यांना म्हणाली, "अहो, जांघेतून कळ निघतेय आणि खाली गुडघ्यात जातेय." आणि ह्या विद्वानानं काय म्हणावं? "खाली म्हणू नकोस. तू आत्ता आडवी आहेस. गुडघा डिस्टल आहे." मग गुडघा वाकवला, सरळ केला, दाबला. बिजागरी उत्तम चालतेय म्हणाले. जांघेचं ती बोलली होती, ते 'खाली' दुरुस्त करण्याच्या नादात ह्यांनी ऐकलंच नाही. वर तिला हिंडतं-फिरतं राहायला सांगितलं, नाहीतर सांधा आखडेल म्हणून! आणि ती गुणाची बाई भिंत धरून हिंडली. भाकऱ्या केल्या, धुणी वाळत घातली.

दोन-चार दिवसांनी मी गेले तेव्हा ती ओट्याला धरून उभी होती आणि चेहरा पांढराफटक. हे सगळं तिनं मला तिथंच सांगितलं. मी भावोजींना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाडी करून तिला पनवेलला नेलं. फोटो काढला तर खुब्यात मांडीचं हाड मोडलेलं, आणि चालून चालून जागचं सरकलेलं. डॉक्टर म्हणाले, "लगेच आणलं असतं तर स्क्रूवर भागलं असतं. आता खुबाच बदलावा लागेल." शेजारची नर्स मघाशीच भावोजींच्या पाया पडली होती. ती अगदी भाबडेपणानं म्हणाली, "सर, तुमीच सांगायचात ना, म्हातारं माणूस पडलं आणि गुडघा धरून बसलं तर आधी खुबा बघा म्हणून? मी कदी इसरत नाय."

भावोजी बाकड्यावर बसले. मला वाटलं होतं, ह्या माणसाची अशी बोलती बंद झाली की मला बरं वाटेल. नाही वाटलं.

ऑपरेशन झालं. ताई वॉकर घेऊन चालते. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, जिने चढायचे नाहीत. रोज संध्याकाळी मला भावोजींचा फोन येतो. पूर्वी फोन आला की तासभर व्याख्यान असायचं. आता म्हणतात, "आज मोरीपर्यंत गेली," आणि ठेवून देतात. मी 'बरं' म्हणते. त्याहून जास्त माझ्यानं अजून बोलवत नाही.

परवा मी गेले होते. ताई वॉकर टेकत दारापर्यंत आली. भावोजी तिच्या मागोमाग, पडलीच तर धरायला हात तयार ठेवून. पण तिला त्यांनी हात लावलेला चालत नाही. तिनं वळून नुसतं बघितलं आणि ते एक पाऊल मागे सरकले. ते चहा टाकायला आत गेले तेव्हा मी हळूच विचारलं, "ताई, अजून राग आहे का गं त्यांच्यावर?"

"आहे ना," ती म्हणाली. "पण रुसून माहेरी यायचं म्हटलं तरी पाय लागतात गं." आणि ती हसली. मला काही हसता आलं नाही.