बाईंनी पास केलेला सिनेमा

आमच्या कचेरीत सिनेमे लोकांच्या आधी येतात. चार जणांची समिती बसते, सिनेमा पाहते आणि तो लहान मुलांना दाखवावा की नाही ते ठरवते. मी मशीन चालवतो. आता रिळं गेली, अख्खा सिनेमा खिशात मावेल एवढ्या डबीत येतो, पण मला अजून सगळे ऑपरेटरच म्हणतात. एकवीस वर्षांत इतकी मारामारी पाहिली आहे की घरी टीव्ही लागला की मी उठून भाजी निवडायला बसतो.

त्या चौघांत एक बाई होत्या. पस्तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळ्यांच्याच बाई. सिनेमावाले त्यांना पाठीमागे कात्रीबाई म्हणायचे. हा शुद्ध अन्याय होता, कारण बाई फारसं काही कापायला लावत नसत. उलट समितीतले वकीलसाहेब. त्यांना दिवे गेले की डुलकी लागायची आणि दिवे आले की ठाम मत असायचं. ते झोपेतसुद्धा बाईंपेक्षा जास्त कापायचे.

समितीला एक छापील तक्ता मिळतो. ठोसे, हत्यारं, रक्त, शिव्या, भीती असे रकाने. बाई अंधारात पेन्सिलीनं उभ्या रेघा मारत मोजत जायच्या. आणि सिनेमा संपला की जो प्रसंग शंकेचा वाटेल तो मला परत लावायला सांगायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. पोरं घाबरली की डोळ्यांवर हात घेतात, पण कान उघडेच राहतात, म्हणून एकदा नुसत्या कानांनी सिनेमा बघायचा, असं त्यांचं म्हणणं. माझा डबा गार व्हायचा, मी कुरकुरायचो. पण एकदा सशांच्या एका गोंडस सिनेमाला बाकी तिघांनी डोळे झाकून मंजुरी दिली होती, तेव्हा बाईंनी डोळे मिटूनच ती अडवली. त्यातल्या दाराची करकर ऐकली तर पोरं महिनाभर संडासला एकटी जाणार नाहीत, असं त्यांनी लिहून दिलं. मी माझ्या पुतण्यावर प्रयोग केला. बाई बरोबर होत्या.

बाईंचा एकुलता एक मुलगा विजेच्या कंपनीत लाईनमन होता. गेल्या वर्षी तो खांबावरून पडला, चार दिवस दवाखान्यात होता आणि गेला. मागे बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मुलीचा आवाज असा खणखणीत की घरात तिला भोंगाच म्हणत. बाबा लांबच्या कामाला गेलेत असं तिला सांगावं, असं सुनेच्या मनात होतं. बाईंनी ते होऊ दिलं नाही. त्यांनी नातीला समोर बसवून सांगितलं की बाबा मेले आणि मेलेलं माणूस परत येत नाही. मुलीनं चाळीस वेळा तेच विचारलं, बाईंनी चाळीस वेळा तेच उत्तर दिलं. पाचसहा महिन्यांनी ती आपणहून शेजाऱ्यांना सांगू लागली, माझे बाबा मेलेत, ते आता येत नसतात. शेजाऱ्यांनाच कसंतरी व्हायचं. एवढं अवघड काम इतक्या नीट केलेलं मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

स्वतः बाई मात्र पंधराव्या दिवशी कामावर हजर झाल्या. थोडे दिवस घरी राहा म्हटलं, तर म्हणाल्या, घरी राहून काय भिंती मोजू? असल्या वेळी काय बोलावं हे मला कधी कळलेलं नाही.

मग तो सिनेमा आला. उडणारा नायक, तोंडावर धातूचा मुखवटा, दोन तास पडझड. मध्ये एक म्हातारी सांगते की मनापासून हाक मारली तर मेलेलासुद्धा ऐकतो. शेवटी नायक आभाळातून खाली पडतो, त्याच्यावर इमारत कोसळते, तो मरतो. त्याची लहान मुलगी ढिगाऱ्यावरून चढत येते, मुखवटा काढते आणि बाबा, बाबा, बाबा अशा तीन हाका मारते. तिसऱ्या हाकेला त्याचा श्वास सुरू होतो. एवढा मोठा श्वास, की खुर्च्या थरथरतात.

दिवे लागले. बाईंच्या तक्त्यात दोनशे बारा ठोसे निघाले. तिघांचं मत पडलं की बारा वर्षांखालच्यांना नको. बाई म्हणाल्या, शेवटची नऊ मिनिटं परत लावा. मी लावली. त्या डोळे मिटून बसल्या. संपल्यावर म्हणाल्या, पुन्हा. मग आणखी एकदा. माझ्या खोलीच्या छोट्या खिडकीतून मला त्या दिसत होत्या. तिसऱ्या वेळी त्यांच्या हातातली पेन्सिल खाली पडली आणि त्यांनी ती उचलली नाही. मला तेव्हाच कळलं होतं. मशीन बंद करून खाली जायला हवं होतं, बाई, आज तुम्ही हा सिनेमा बघू नका, असं म्हणायला हवं होतं. पण मी पडलो ऑपरेटर. तोंड शिवून बसलो.

बाई मग समितीशी भांडल्या. ठोसे आहेत पण रक्ताचा थेंब नाही, मधल्या सुट्टीत पोरं याहून जास्त बडवाबडवी करतात, आणि शेवट तर धीर देणारा आहे, असं त्यांचं म्हणणं. बोलणं चुकीचं नव्हतं. पण वकीलसाहेब एरवी एका शिवीवरून तास तास वाद घालायचे, ते त्या दिवशी टक्क जागे असून काही बोलले नाहीत. मुलगा गमावलेल्या बाईशी कोण वाद घालणार? सिनेमा सर्वांसाठी म्हणून पास झाला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

पहिल्याच रविवारी बाई नातीला घेऊन तो सिनेमा बघायला गेल्या. सून जरा कचरत होती, त्यात फार मारामारी असते ना आई, म्हणाली. बाईंनी तिला सांगितलं, अगं, मी स्वतः पास केलाय.

थिएटरमध्ये पोरांनी टाळ्या वाजवल्या, भोंग्यानंही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गॅलरीत उभी राहून तीन हाका मारून आली. आईला वाटलं, खेळ असेल. तिसऱ्या दिवशी ती जिन्यात उभी राहून मारत होती. मग रस्त्यावरच्या विजेच्या खांबाशी जाऊन. जागा बदलून बघत होती, वेळ बदलून बघत होती. दहा दिवसांत तो खणखणीत आवाज पार बसला. आईनं शेवटी जवळ घेऊन विचारलं तेव्हा म्हणाली की तिला मनापासून हाक मारता येत नाहीये. सिनेमातल्या मुलीला येतं, तिला येत नाही, म्हणून बाबा उठत नाहीत.

सुनेनं हे बाईंना सांगितलं. बाई दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत आल्या आणि माझ्या टेबलाशी बसून फेरविचाराचा अर्ज लिहू लागल्या. कचेरीच्या मोठ्या साहेबांनी तो अदबीनं वाचला. सिनेमाला तिसरा आठवडा लागला होता, एकही तक्रार नव्हती, दिलेला दाखला एका सदस्याच्या घरगुती कारणावरून बदलता येत नाही, असं त्यांनी समजावलं. हे म्हणजे वरातीमागून घोडं होतं, आणि ते बाईंनाही ठाऊक होतं. धीर द्यायला म्हणून मी एक मूर्खपणाचं वाक्य बोललो. म्हटलं, बाई, हजारो पोरं हसत घरी गेली असतील.

"गेली असतील. त्यांचे बाप त्यांना घ्यायला आले होते," बाई म्हणाल्या. मग, माझ्याकडे न बघता, "तक्त्यात याला रकाना नाही, ऑपरेटर. पण असता तरी मी त्या दिवशी भरला नसता. मला तो श्वास परत ऐकायचा होता."

त्यांनी ओळखपत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेल्या.

चार दिवसांनी राजीनाम्याच्या कागदांवर सही घ्यायला साहेबांनी मला त्यांच्या घरी पाठवलं. दुसरा मजला, दोन खोल्या. सून नुकतीच कामावरून आलेली, पर्स अजून खांद्यालाच. तिनं मला खुर्ची दिली. मुलगी गॅलरीत कठड्याला धरून उभी होती आणि हाका मारत होती. आवाज निघतच नव्हता. नुसती हवा येत होती. बाई स्वयंपाकघरातून स्टूल घेऊन आल्या आणि तिच्याशेजारी बसल्या. मी आहे हे त्यांना माहीत होतं, तरी थांबल्या नाहीत.

त्या म्हणाल्या की सिनेमातलं ते खोटं आहे. हाक मारून कुणी उठत नाही, तू कितीही चांगली मारलीस तरी नाही.

"पण तू पण मारत होतीस," मुलगी म्हणाली. "थिएटरमध्ये. डोळे मिटून. बाबाचं नाव घेत होतीस. मी तुझ्याकडेच बघत होते."

मला वाटलं, बाई आता काहीतरी शिक्षकी उत्तर देतील. त्यांनी दिलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "मारत होते. दवाखान्यात पण मारल्या होत्या, चार दिवस, त्याच्या कानाशी बसून. घसा सुजला माझा."

"तरी नाही उठले?"

"तरी नाही उठला."

मुलीनं जरा विचार केला. मग एकदम मऊपणे, मोठ्या माणसानं समजूत घालावी तशी, तिनं बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग तुझं पण प्रेम कमी पडलं, आजी?"

बाईंनी गुडघ्यावरचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. मला कळलं की हा प्रश्न त्या वर्षभर स्वतःलाच विचारत होत्या, आणि उत्तर हो असंच देत होत्या.

दारात उभी असलेली सून पुढे आली. तिनं पर्स खाली ठेवली आणि फरशीवरच बसली, एक हात मुलीच्या पाठीवर, एक बाईंच्या.

"कुणाचंच कमी पडलं नाही," ती म्हणाली. "तुझं नाही, आजीचं नाही, माझं नाही. तो मेला. आपल्याला किती हवा होता त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही."

ती हे मुलीला सांगत होती, पण बघत बाईंकडे होती.

आधी रडल्या त्या बाई. मुलगी घाबरली, मग तिनं आजीच्या गळ्याला मिठी मारली आणि तीही रडायला लागली, बसलेल्या घशानं, आवाजाशिवाय. सून दोघींना धरून बसून राहिली. मी कागद तसेच पिशवीत घातले, दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरलो. साहेबांनी विचारलं तर सांगणार होतो, बाई घरी नव्हत्या.