उगवतीकडे पाय

नाना खाटेवर आडवे झाले की त्यांचे पाय उगवतीकडेच असायचे. सकाळचं ऊन थेट तोंडावर आलं तरी ते कूस बदलत नसत. शेजारच्या काकूंना एकदा राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "नाना, रोज सकाळी सूर्यदेवाला पाय दावता व्हय?" नाना उठून बसले आणि त्यांनी हात जोडले. "पाय न्हाई दावत, बाई. उठल्याव तोंड तिकडं व्हावं म्हनून असा निजतो." काकू डोळे मोठे करून निघून गेल्या, आणि तेव्हापासून पार तिसगावच्या बाजारापर्यंत त्यांचं नाव 'उगवते नाना' पडलं.

तिसगावच्या पलीकडे आमचं गाव. ख्रिस्ती घरं तीसेक असतील. नाना गवंडी होते. चर्चच्या भिंती त्यांनीच उचललेल्या, आणि चर्चच्या मंडळीत कोणी वारलं की कबरही त्यांच्याच दोरीने आखली जायची. दोन खुंट्या आणि मध्ये ताणलेली गवंड्याची दोरी. डोकं मावळतीला, पाय उगवतीला. प्रभू येणार तो उगवतीकडून. शेवटचा कर्णा वाजला आणि माणूस कबरेत उठून बसला की त्याला समोर तोच दिसला पाहिजे, असा आमचा जुना रिवाज. बाकीच्यांना तो नुसता रिवाज होता. नानांना ते उद्या-परवा घडणारं काम वाटायचं. एका पोराने मोबाईलवर दिशा बघून त्यांची दोरी तपासायला घेतली, तेव्हा नानांनी विचारलं, "रेंज गेल्याव उगवत हालती का रं?"

एकदा ते लेकीकडे सोनईला गेले असताना शमुवेल वारला, आणि घाईगर्दीत लोकांनी त्याला उलटा पुरला. डोकं उगवतीला, पाय मावळतीला. नाना परत आले, दफनभूमीत गेले आणि डोक्याला हात लावून खालीच बसले. आता उकरणार कोण? त्यानंतर दर ईस्टरच्या पहाटे, सगळी मंडळी दफनभूमीत जमून गाणी म्हणत असताना, नाना शमुवेलच्या कबरेशी वाकून त्याला सांगायचे, "उठल्याव मागं वळ बरं का, शमुवेला. गडबडू नको." आम्ही तोंडावर पदर धरून हसायचो. मी तर पोट धरून हसले आहे, कबूल करते.

माझी धाकटी बहीण करुणा चार वर्षांची असताना तापाने गेली. लहान मुलांची ओळ दफनभूमीच्या मावळतीच्या कडेला होती. तिथे क्रूस नव्हते, फक्त चुना लावलेला एकेक दगड. ईस्टरच्या आधी नाना चुन्याची बादली घेऊन त्या ओळीतून फिरत आणि प्रत्येक दगडाला नावाने हाक मारून चुना लावत. "सगळे दगड सारखेच, नाना. तुम्हाला कळतं कसं?" मी विचारलं होतं. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "सोताच्या हातानं निजवलेलं लेकरू इसरतं का कोनी, मार्था?"

मी नगरला शाळेत शिकवते. एका वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत गावी आले, आणि दुपारी कोणीतरी ओरडत आलं की दफनभूमीत जेसीबी घुसलाय. धावत गेले. जे दिसलं ते आजही डोळ्यांपुढून हलत नाही. मावळतीची अख्खी कड सपाट झाली होती. सिमेंटचे क्रूस एका ढिगात पडले होते, आणि मुलांची ओळ कुठे होती तेच कळत नव्हतं. पलीकडच्या प्लॉटवाल्याला हायवेपर्यंत रस्ता हवा होता, म्हणे. नाना जेसीबीच्या तोंडाशी उभे होते. डोक्याचा पटका सुटून गळ्यात आलेला. जेसीबीवाला पोरगा खाली उतरला, त्याने चपला काढल्या आणि रडवेला होऊन म्हणाला, "आजोबा, मला फकस्त लेव्हल कराया सांगितलं हुतं. खाली मानसं हायती हे कोन बोललंच न्हाई." मेलेल्या लेकरांवर कोणी असा सूड उगवतं? त्यांनी कोणाचं काय घेतलं होतं?

क्रूसांवर नावं होती, तेव्हा मोठ्यांच्या कबरा नानांनी अंदाजाने पुन्हा उभ्या केल्या. मुलांच्या ओळीत मात्र त्यांची दोरी चालेना. कोणानंतर कोण, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण ओळ सुरू कुठून करायची? चार दिवस ते त्या सपाट मातीत खुंटी रोवत आणि उपटत राहिले. पाचव्या दिवशी त्यांनी दोरी गुंडाळून खिशात घातली. नानांना हरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग ती जागा परत मिळावी म्हणून सुरू झाल्या तालुक्याच्या कचेरीतल्या फेऱ्या. दर सोमवारी लाल डबा पकडायचा आणि दारासमोरच्या बाकावर जाऊन बसायचं. "साहेब मीटिंगला गेलेत, आजोबा," कारकून सांगायचा. "जाऊ द्या की. म्या शेवटच्या निवाड्याची वाट बघनारा मानूस हाय. तुमची मीटिंग किती लांबल?" कारकून हसायचा, आणि पुढच्या सोमवारी नाना पुन्हा हजर. अशी अडीच वर्षं गेली.

एका सोमवारी कागद वाचायला त्यांनी मला सोबत नेलं. कारकुनाने फाईल उघडली. त्यात मंडळीच्या वतीने दिलेलं ना हरकत पत्र होतं, आणि खाली सही. ती सही वाचायची मला गरजच नव्हती. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी तीच असायची. सही माझ्या वडिलांची होती. मंडळीचे चिटणीस तेच होते. आपल्याच लेकीच्या कबरेवर रस्ता करायला बाप हरकत नाही म्हणून लिहून देतो?

मी नानांकडे पाहिलं. ते शांत होते. "मला म्हाईत हुतं," ते म्हणाले.

हा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. अडीच वर्षं माहीत होतं आणि दर रविवारी हे दोघं एकाच बाकावर बसून उपासना करत होते! मी कचेरीच्या पायरीवरच त्यांच्यावर ओरडले. लोक थांबून बघायला लागले. नानांनी मला ओरडू दिलं, मग म्हणाले, "त्यो म्हनतो, कंपाऊंडासाठी सही मागितली, न वाचता केली. खरं-खोटं त्येलाच म्हाईत. पर येक सांगतो, मार्था. निवाडा करनाऱ्याची खुर्ची येकच हाय. तू हितं दुसरी मांडू नको."

मी मांडली. वडिलांशी बोलणं टाकलं. ते आठ महिन्यांनी गेले, तोवर मी घरात पाऊल ठेवलं नव्हतं. कबर आखायला नाना आले. ऐंशी कधीच ओलांडलेली, कुदळ उचलवत नव्हती. तरी खाली बसून त्यांनी खुंट्या ठोकल्या, एक डोळा मिटून दोरी पाहिली, थोडी सरकवली, परत पाहिली. माझ्या बापासाठी त्यांनी दोरी सूतभरही वाकडी जाऊ दिली नाही. मी बाजूला उभी होते, आणि मला माझीच भयंकर लाज वाटली.

पुढे निकाल लागला. रस्ता रद्द झाला, जागा मंडळीला परत मिळाली. लोकांनी पेढे आणले. नानांनी पेढा हातात धरला, पण खाल्ला नाही. "जागा गावली," ते म्हणाले, "लेकरं कुटं गावली?"

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत नाना अंथरुणाला खिळल्याचं कळलं म्हणून भेटायला गेले आणि दारातच थबकले. खाट फिरवलेली होती. नानांचे पाय मावळतीकडे होते! सुनेने झाडताना फिरवली असेल, असं वाटून मी खाटेला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "मीच फिरवाया लावली. सवय व्हाया पायजे."

"कसली सवय?"

"मला उगवतीच्या कडंला पुरा. लिंबाखाली. आन् तोंड मावळतीकडं ठेवा."

मला वाटलं, म्हातारपणाने डोकं गेलं. ज्या माणसाने जन्मभर सूतभर वाकडं चालू दिलं नाही, तो प्रभूकडे पाठ करून निजणार? "नाना, अहो, तो आल्यावर तुमची पाठ दिसेल त्याला!" मी जवळजवळ किंचाळलेच.

"दिसू दे. त्यो मला पाठीवरनं वळखल," ते म्हणाले. मग दम खाऊन हळूहळू बोलले. "ती लेकरं उठतील तवा त्यांच्यापाशी नावाचा दगुडसुदिक नसंल. बावरतील. समोर येक तरी वळखीचं तोंड पायजे ना? म्या येकेकाला हाक मारतो. करुनाला पयली मारतो. समदी उठली का मोजतो, आन् मंग फिरतो की उगवतीकडं. तेवढ्यासाठी त्यो रागवायचा न्हाई."

मी खाटेच्या काठावर बसून लहान मुलीसारखी रडले. करुणासाठी मी इतक्या वर्षांत एकदाही तशी रडले नव्हते.

नाना नाताळच्या आधी गेले. मी त्यांची इच्छा सांगितली तेव्हा मंडळीत गलका झाला. पाळकसाहेब कपाळ चोळत राहिले. एक म्हातारे तर चिडून म्हणाले, "शमुवेलावानी उगवत्या नानालाबी उलटा पुरायचा? जग हसंल!" मी पिशवीतून नानांची दोरी काढली. ती त्यांनी मला देऊन ठेवली होती. मुलांची नावंही मी मोठ्याने सांगितली, त्यांनी शिकवलेल्या क्रमाने, करुणापासून शेवटपर्यंत. त्या गर्दीत त्यातल्या काहींच्या आया होत्या. ते चिडलेले म्हातारेच पुढे झाले आणि त्यांनी दुसरी खुंटी धरली.

एक डोळा मिटून मी दोरी पाहिली, थोडी सरकवली, परत पाहिली. मग नानांना खाली उतरवलं. डोकं उगवतीला, पाय मावळतीला, आणि समोर ती सपाट मोकळी जागा. मूठभर माती टाकताना मी वाकले आणि त्यांना सांगितलं, "सगळी उठली की मागं वळा बरं का, नाना."

त्या वेळी कोणीही हसलं नाही.